बायच्या गाडीतला दिवा

१

हॉस्पिटलला जायच्या दिवशी बाय उजाडायच्या आत तयार होऊन ओट्यावर बसलेली असायची. धुतलेलं लुगडं, केसांना तेल, मांडीवर कापडी पिशवी. पिशवीत हॉस्पिटलचं कार्ड, टॉवेल आणि डब्यात तांदळाची भाकरी. ती भाकरी तिला गिळवत नसे, येताना मोटार चालवणारा दौलत खायचा. पण डबा भरल्याशिवाय घर सोडायचं नाही, हा तिचा नियम. बायचे नियम आमच्या कचेरीतल्या नियमांपेक्षा कमी होते आणि पाळले मात्र जास्त जात.

बाय म्हणजे माझी थोरली बहीण, गोदू. आई गेली तेव्हा मी रांगत होतो. मला चालायला, बोलायला आणि शाळेत जायला तिनंच शिकवलं. मी कारकून झालो याचं श्रेय तिचं, दोष सरकारचा. तिचा नवरा अंबाडीला भातगिरणी चालवायचा. तो वारल्यावर मूलबाळ नसलेली बाय भिवंडीला माझ्याकडे आली, ती दोन ट्रंका, एक जातं आणि नवऱ्याची जुनी काळी मोटार घेऊन. मोटारीच्या तोंडावरची पितळी अक्षरं कुणीतरी केव्हाच काढून नेली होती, त्यामुळे तिचं घराणं कळायला मार्ग नव्हता. मी विधुर, नुकताच निवृत्त झालेला. दारात मोटार आल्यापासून गल्लीतले लोक मला आधी नमस्कार करू लागले, हे नाकारत नाही.

मग बायच्या घशात गाठ निघाली. मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात विजेचे शेक घ्यायचे ठरले, दिवसाआड. डॉक्टर तरुण आणि रोखठोक होता. मला बाजूला घेऊन म्हणाला, "शेक पुरे झाले तर बाई बऱ्या होतील. खंड पडला तर गाठ पुन्हा वाढेल, आणि मग मला काही करता येणार नाही. त्यांना वेळेवर आणणं तुमच्या हातात."

एसटीचे धक्के तिला सोसत नव्हते. म्हणून मोटार निघायची. चालवायला टेमघरचा दौलत मेस्त्री, मागे बायजवळ शेजारची द्रौपदी, जी पूर्वी दवाखान्यात आया होती, आणि पुढे डावीकडे मी, मांडीवर वाचनालयाचं पुस्तक घेऊन. ते पुस्तक कधी उघडलं जात नसे. जाण्यात सकाळ जायची, हॉस्पिटलच्या बाकावर दुपार, आणि येईपर्यंत दिवेलागण.

पहिल्यांदा ते खाडीच्या पुलावर झालं. मी पाण्याकडे बघत होतो. मांडीवरच्या पुस्तकावर एकाएकी पिवळसर उजेड पडला. वर पाहिलं तर छताचा दिवा लागला होता. दार उघडलं की लागतो तो, शेंगदाण्याएवढ्या बल्बाचा. दारं चारही बंद होती.

"दौलत, हा दिवा," म्हणेपर्यंत इंजिन थांबलं. चार्जिंगचा काटा शून्यावर. हॉर्न मुका. सेल्फ दाबला तर साधी टिक नाही. गाडी होत्या वेगानं पूल उतरून कडेला लागली. सगळी वीज गेली होती आणि तो एक दिवा चालू होता.

दौलत बॉनेटमध्ये कंबरेपर्यंत शिरला. बराच वेळ गेला. ऊन चढलं. मी शेवटी म्हणालो, "आता पोचून तरी काय उपयोग? मशीनची वेळ गेली. परत फिरू या."

दिवा विझला. दौलतनं सहज सेल्फ दाबला आणि गाडी सुरू झाली.

"झाली की चालू," द्रौपदी म्हणाली. "जाऊ की पुढं, भाऊसाहेब. डॉक्टरच्या पाया पडू."

"न्हाय," बाय मागून म्हणाली. "फिरू म्हटलं ना त्यानं? वाटेत फिरायचं नाव काढलं, मग त्या दिशी पुढं जायचं न्हाय."

ही आमच्या गावाकडची रीत. अर्ध्या वाटेवर परत फिरायचा शब्द निघाला की तो मोडायचा नाही. घरी यायचं, उंबऱ्याबाहेर पायांवर पाणी घ्यायचं आणि दुसरा दिवस उजाडेपर्यंत बाहेर पडायचं नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही. चार पुस्तकं वाचलेला माणूस आहे. त्या दिवशी मात्र मी ती रीत मुकाट्यानं मानली.

२

दौलतला नम्रता ठाऊक नव्हती. "मोटारीला रोग दोनच, भाऊसाहेब. करंट येत नाही, नाहीतर करंट जात नाही. बाकीचे सगळे रोग मालकाच्या डोक्यात."

त्याचं गॅरेज म्हणजे चार पत्रे आणि एक पिंपळ. आजूबाजूला लूमची खटखट इतकी की तो ओरडूनच बोलायचा, आणि शांत जागी गेला तरी ती सवय सुटत नसे. त्यानं इंजिन चालू ठेवून एकेक वायर हातानं हलवून पाहिली. होल्डरला दोन तारा जोडून केलेला टेस्ट लॅम्प इथे लाव, तिथे लाव. गाडी आज्ञाधारकपणे चालत राहिली.

"गॅरेजात आली की शहाणी होते," तो म्हणाला. "कायमचा फॉल्ट बरा, एका जागी बसलेला असतो. हा येतो जातो. म्हणजे पाहुणा. त्याला धरायचा तर एकेक पार्ट बदलत जायचं. जो बदलल्यावर तो यायचा बंद होईल, ती त्याची सासुरवाडी."

तिसऱ्या प्रहरी त्याला डॅशबोर्डच्या मागे उंदराचं घर सापडलं. भाताच्या तुसाचं, अजून अंबाडीचा वास असलेलं. शेजारची वायर कुरतडलेली. त्यानं ते घर तळहातावर घेऊन साऱ्या टेमघरला दाखवलं.

मलाही उंदीर पटला. कचेरीत गहाळ झालेल्या प्रत्येक कागदाला उंदीरच जबाबदार असे.

"पण मग तो दिवा?" मी विचारलं.

"दाराचा खटका शॉर्ट झाला असंल."

"सगळी वीज गेल्यावरसुद्धा?"

"थोडा करंट साठून राहतो."

"कुठे साठतो?"

दौलतनं हात पुसले. "अब वो मैं क्या बोलूँ. शिकलेले तुम्ही."

३

पुढचे दोन शेक बिनबोभाट झाले. बायला पेज गिळता येऊ लागली. डॉक्टर तिच्या मानेवर बोटं फिरवून म्हणाला, "गाठ बसतेय, आजी." येताना ती द्रौपदीला माझ्या लहानपणच्या गोष्टी सांगत राहिली, ज्यांत मी बहुतेक वेळा उघडानागडा असे.

मग एक रात्र ती खोकत राहिली. मी उठून पाणी दिलं, पाठ चोळली, पुन्हा पडलो, पुन्हा उठलो. सकाळी गाडीत बसलो तेव्हा डोळ्यांत वाळू होती. दापोड्याच्या फाट्याशी पुस्तकावर उजेड पडला.

मी वर पाहिलं नाही. इंजिन बंद पडण्याची वाट पाहिली. ते बंद पडलं.

दौलत या वेळी चिडला होता. "बॅटरीच काढतो," म्हणाला. पाना घेऊन दोन्ही टर्मिनलं सोडवली, बॅटरी उचलून रस्त्याच्या कडेला गोणपाटावर ठेवली आणि परत येऊन खिडकीतून आत डोकावला.

दिवा चालू होता.

त्यानं दिव्याकडे पाहिलं, गोणपाटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. पहिल्यांदाच मी त्याला हळू बोलताना ऐकलं. "ये कहाँ से ले रहा है?"

द्रौपदीनं पदर तोंडाला लावला. मागून बायचा आवाज आला. शेकानं तो आधीच चिरका झाला होता.

"इझव रं त्याला."

"दौलत बघतोय, बाय."

"दौलतला न्हाय सांगत."

मी हसलो. "मी काय मेस्त्री आहे?"

तेवढ्यात ठाण्याकडे निघालेला एक ट्रक थांबला. द्रौपदी खाली उतरून ड्रायव्हरशी बोलून आली. "पुढं बसवतो म्हणतो बायला. चांगला माणूस हाय. चला भाऊसाहेब, लवकर."

ट्रकची केबिन ऐसपैस होती. बाय उतरायला लागलीही होती, एक पाय खाली टेकलेला. ते मला अजून दिसतं, तिची भेगाळलेली टाच आणि खालची खडी.

"ट्रकात धक्के बसतील," मी म्हणालो. "राहू दे आज. परत फिरू या."

दिवा विझला. बॅटरी अजून गोणपाटावरच होती.

त्या दुपारी मी ओट्यावर बसून वाचलं. पुस्तक चांगलं होतं. वारा होता. आत बाय झोपली होती, आणि मला बरं वाटत होतं.

४

"पुन्हा खंड?" डॉक्टर म्हणाला. "ही काय भिशी आहे, या वेळी नाही तर पुढच्या वेळी?" गाठ पुन्हा हाताला लागत होती.

मी गाडीचं कारण सांगितलं. अगदी खरं कारण होतं. तरी सांगताना मला आमच्या कचेरीतले रजेचे अर्ज आठवले. तेही सगळे खरेच असत.

दौलत आता इरेला पेटला. त्यानं एकेक वस्तू बदलली. बॅटरी, कटआउट, कॉइल, फ्यूज. डायनॅमो दुसऱ्या गाडीचा आणून बसवला. वायरिंग नवीन ओढलं. दर वेळी तो एकटा गाडी घेऊन अंबाडीपर्यंत जाऊन यायचा. एकदा द्रौपदीला आणि बायला हवा खायला घेऊन गेला. गाडी कुठेही अडली नाही.

"आता काय बदलायचं राहिलं?" मी विचारलं.

"काहीच नाही," तो म्हणाला आणि दुसरीकडे बघू लागला. बाय ओट्यावर बसली होती. ती दुसरीकडे बघत नव्हती.

दुपारी दौलत जेवायला गेल्यावर मी गाडीत जाऊन बसलो, माझ्या जागी. काचा बंद केल्या. चार पुस्तकं वाचलेल्या माणसानं असल्या शंकेचा निकाल शांतपणे लावावा, असं मी स्वतःला बजावलं. दिव्याकडे बघून मोठ्यानं म्हणालो, "आज जायला नको."

काही झालं नाही.

"मला कंटाळा आला आहे. मला घरी बसून वाचायचं आहे."

दिवा निर्जीव होता. आत एक मेलेली माशी दिसत होती. मला हसू आलं. उंदीर, मी म्हणालो, उंदीर आणि म्हातारपण. हलक्या मनानं उतरलो, दार लावलं, घराकडे वळलो.

घरात बाय खोकली. ओला, लांबलेला खोकला, संपतोय म्हणता पुन्हा सुरू होणारा. मी जागीच उभा राहिलो. मी काही म्हणालो नाही. शब्दांत काही विचारही केला नाही. फक्त तो खोकला संपायची वाट पाहिली.

भिंतीवर माझी सावली पडली. समोरून ऊन होतं, आणि सावली माझ्यापुढे पडली होती, फिकट, पिवळ्या कडांची.

मी मागे वळून पाहिलं नाही.

५

त्यानंतरच्या शेकाच्या सकाळी मी छत्री घेऊन निघालो तर बाय गाडीत आधीच बसली होती. मागे नाही, पुढे, माझ्या जागी. द्रौपदी मागे होती.

"तू घरी ऱ्हा, सावळ्या," ती म्हणाली. आवाज आता वाऱ्याइतकाच उरला होता. ऐकायला खिडकीशी वाकावं लागलं. "वाच काय वाचायचं ते."

"असं कसं? डॉक्टरशी कोण बोलणार?"

"द्रौपदी बोलंल. दवाखान्यात काम केलंय तिनं. तुझ्यापेक्षा बरं बोलंल."

"बाय, तुला काय वाटतंय ते मला कळतंय, पण ही सगळी वायरिंगची भानगड आहे."

"मला काय बी वाटत न्हाय." ती थोडी हसली. "लहानपणी तुला कडंवर घेऊन मी पाण्याला जायची. हंडा डोक्यावर, तू कडंवर. मला बी वाटायचं कधी कधी, ह्याला ठेवावा हितंच बांधावर. वाटतं माणसाला. मी ठेवला न्हाय, एवढंच."

दौलत उगीचच आरसा पुसत होता.

"दौलत, तो बल्ब काढ," ती म्हणाली.

त्यानं छताची काच उघडली. माशी खाली पडली. बल्ब फिरवून काढला आणि तिच्या हातात दिला. तिनं तो पदरानं पुसला आणि खिडकीतून माझ्या कोटाच्या खिशात टाकला. मी शाळेत जाताना चिंचा टाकायची तसा.

"तुझा हाय तो. तुझ्याकडं राहू दे." मग दौलतकडे वळली. "आज गाडी अडली तरी फिरायचं नाव कुणी काढायचं न्हाय. थांबली तर थांबू. मी परतायची न्हाय."

गाडी कोपऱ्यावर वळेपर्यंत मी बघत उभा होतो. आत अंधारच होता. मला हायसं वाटलं, आणि ते कशाबद्दल, याचा विचार मी केला नाही.

६

कोट खुंटीला टांगला. दार लावून घेतलं. ओट्यावर बसलो असतो तर लोकांनी विचारलं असतं, भाऊसाहेब, आज गेला नाहीत?

वीजकपातीचे दिवस होते. दुपारी वीज गेली आणि एकेक करून गल्लीतले लूम थांबले. भिवंडीत राहणाऱ्या माणसाला ती शांतता पाण्यात बुडल्यासारखी लागते. आत उकडत होतं. खिडकीची झडप ओढून घेतली, फटीतून येईल तेवढ्या उजेडात पुस्तक धरलं. वाचता येत नव्हतं. मी बायचा विचार करत होतो. ती पोचली असेल. ती बरी होईल. मी हे अगदी मनापासून म्हणत होतो, परीक्षेत उत्तर घोकावं तसं.

मग केव्हातरी मी वाचायला लागलो.

कसं, ते सांगता येत नाही. एक वाक्य लागलं, त्याच्या पुढचं लागलं. घर गप्प होतं. आतल्या खोलीत खोकला नव्हता, खाट वाजत नव्हती, कुणी पाणी मागत नव्हतं. पुढे रोजच असं असेल, असं काही मी म्हणालो नाही. पान उलटलं. अक्षरं आता स्पष्ट दिसत होती.

फटीतला उजेड होता तेवढाच होता. अक्षरं स्पष्ट दिसत होती ती मागून येणाऱ्या उजेडात.

भिंतीवर कोट लटकत होता. त्याचा उजवा खिसा आतून पिवळा झाला होता. कापडाचे उभे-आडवे धागे वेगळे मोजता यावेत इतका.

मी पुस्तक मिटलं. उठून खिशावर हात ठेवला. गरम होता, तापलेल्या लेकराच्या कपाळासारखा. "नको," मी म्हणालो. "जाऊ दे तिला. पोचू दे." तो तसाच राहिला. तो बोलण्यावर जात नाही, हे मला गाडीत बसूनच कळलं होतं. मी मनात खोलवर हात घालून ती दुसरी गोष्ट शोधू लागलो, जिच्यावर तो चालत होता. ती सापडली. ती मोठी नव्हती. मला वाटलं होतं तेवढी वाईटही नव्हती. फक्त एक दमलेला माणूस दार लावून बसला होता आणि उठायला तयार नव्हता.

गाडी दूर कुठेतरी रस्त्याच्या कडेला उभी असणार. बॉनेट उघडं. दौलत आत कंबरेपर्यंत. पुढच्या जागेवर बाय, पिशवी मांडीवर घेऊन, रिकाम्या होल्डरखाली. फिरू म्हण, बाय, मी पुटपुटलो. एकदा फिरू म्हण. तू म्हटलंस की हा विझेल, गाडी सुरू होईल, तू घरी येशील.

मला माहीत होतं ती म्हणणार नाही.

मी खिशावर हात ठेवून उभा राहिलो. गल्लीत एक बाई कुणाला तरी हाक मारत गेली. पाय भरून आले.

दिवा विझला. हाताखालचं कापड हळूहळू गार झालं.

फिरली, मी स्वतःला सांगितलं. दमली असेल, द्रौपदीनं समजावलं असेल, फिरली. मी स्वयंपाकघरात गेलो. बायचा पितळी तांब्या भरून घेतला आणि उंबऱ्याबाहेर नेऊन ठेवला, पायांवर घ्यायला. मग तिथेच बसलो. वीज आली. लूम एकेक करून पुन्हा सुरू झाले.

गाडीचा आवाज त्या खटखटीतही ओळखू आला. कुठेही न अडखळता, नव्या गाडीसारखी ती गल्लीत शिरली. दारासमोर थांबली. दौलत खाली उतरला नाही. मागचं दार उघडून द्रौपदी उतरली. तिच्या हातात बायची पिशवी होती. पुढची काच वर होती आणि तिच्यावर आभाळ पडलं होतं, त्यामुळे आतलं दिसत नव्हतं. कुणीतरी ताठ बसलं होतं, डोक्यावरून लुगड्याचा पदर चेहऱ्यावर ओढलेला.

द्रौपदीनं माझ्याकडे पाहिलं नाही. तिनं तांब्या उचलला आणि पाणी आपल्या पायांवर ओतलं. आधी उजव्या, मग डाव्या. स्मशानातून आलेली माणसं घेतात तसं.

"पुलावर थांबली होती," ती म्हणाली. "लई वेळ. किती येळा म्हटलं फिरू, तर मानेनंच न्हाय म्हणायच्या. मग एकदा मान हललीच न्हाय." तिनं तांब्या खाली ठेवला. "आणि त्याच टायमाला गाडी चालू झाली."

लोक जमू लागले. कुणीतरी मला धरून उठवलं. दौलत आता खाली उतरला होता. मेस्त्री माणूस, त्याला वस्तूंचंच सुचलं.

"तो बल्ब द्या, भाऊसाहेब," तो हळूच म्हणाला. "अंधार पडतोय, बायला उतरवून घ्यायला उजेड लागंल. गाडीचाच आहे तो, लावून टाकतो."

मी घरात जाऊन खिशात हात घातला. काच गार होती. मूठ मिटली.

"नाही," मी म्हणालो. "तो माझा आहे."